पाच माणसं, यवतेश्वरचा घाट आणि एक मोजपट्टी: घरासाठी क्रॉसओव्हर पारखताना

साताऱ्यात टेस्ट ड्राइव्ह म्हणजे बहुतेक वेळा हायवेच्या सर्व्हिस रोडनं दोन किलोमीटर जायचं आणि वळून परत यायचं. रस्ता सपाट, गाडीत आपण आणि शेजारी सेल्सचा मुलगा, एसी गार, गाणी मोठ्यानं. एवढ्या भांडवलावर आपण बारा-तेरा लाखांची गाडी ठरवतो. मंडईत भेंडी घेतानासुद्धा टोक मोडून बघतो की आपण!

मीही एकदा असाच गाडी घेऊन बसलो. पहिल्याच रविवारी आई, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन कासला निघालो. समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट लागला, पुढं एसटी. एका वळणावर एसटीनं वेग कमी केला आणि माझी गाडी सेकंडला मेली. फर्स्टला टाकली तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. मागून आई म्हणाली, "नवी गाडी आजारी हाय का रं?" गाडी आजारी नव्हती. तिचं इंजिन रिकाम्या गाडीला आणि सपाट रस्त्याला पुरेसं होतं, आणि मी तिला तेवढंच तपासलं होतं.

त्यानंतर घरासाठी एक आणि मित्रांसाठी चार-पाच गाड्या बघितल्या. त्यातून जी पद्धत बसली ती त्याच क्रमानं लिहितो.

शोरूमला जाण्याआधी

एका कागदावर चार गोष्टी लिहा. गाडीत नेहमी किती माणसं बसणार आणि त्यांची वयं काय. वर्षाला किती किलोमीटर होणार. अंदाज नको, आत्ताच्या गाडीचं किंवा दुचाकीचं मीटर बघून लिहा. नेहमीचे रस्ते कोणते: पुणं, गावाकडची वाट, पाचगणी-महाबळेश्वर, की फक्त पोवई नाका ते राजवाडा. आणि रात्री गाडी कुठं उभी राहणार.

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. मंगळवार पेठेत किंवा व्यंकटपुऱ्यात राहत असाल तर बोळ आणि फाटक मोजून घ्या. मारुती फ्राँक्सची रुंदी १,७६५ मिलिमीटर, ह्युंदाई क्रेटाची १,७९०, टाटा नेक्सॉनची १,८०४. हे आकडे आरसे सोडून असतात. आरसे उघडे धरले की हिशोब दोन मीटरच्या आसपास जातो, शिवाय दार उघडून उतरायला जागा लागते ती वेगळीच. माझ्या एका मित्राच्या घरी गाडी आत जाते, पण लावल्यावर ड्रायव्हर डिकीतून बाहेर येईल अशी परिस्थिती. शेवटी त्यानं फाटकाचा खांब पाडला.

क्रॉसओव्हर म्हणजे काय आणि काय नाही

आपल्याकडं उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला एसयूव्ही म्हणतात. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेतली तर खाली शिडीसारखी जाड चौकट असते आणि वर बॉडी बसवलेली असते. क्रॉसओव्हरमध्ये चौकट आणि बॉडी एकच, साध्या मोटारीसारखी. फक्त उंची वाढवलेली, चाकं मोठी आणि बसायची जागा वर. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, फ्राँक्स, क्रेटा, सेल्टोस, एलिव्हेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक या सगळ्या याच जातीच्या. त्या चालवायला मोटारीसारख्या हलक्या असतात, अ‍ॅव्हरेज बरं देतात आणि वळणावर उंच जीपसारख्या झोकांड्या खात नाहीत.

पण यांतल्या जवळपास सगळ्यांची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. खालची मोकळी उंची २०० मिलिमीटर आहे म्हणून पावसाळ्यात ओल्या गवतावर किंवा उसाच्या रानातल्या चिखलात गाडी घालू नका. पुढची चाकं जागेवर फिरत राहतात आणि मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. खडबडीत पाणंद, खड्डे, बेढब स्पीडब्रेकर एवढ्यांसाठी ही उंची आहे, आणि बहुतेक घरांना तेवढी पुरते.

चार मीटरची रेघ

गाडीची लांबी चार मीटरच्या आत की बाहेर, यावर खूप काही ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. यातली गंमत अशी की ब्रेझा ३,९९५ मिलिमीटरची, म्हणजे रेघेच्या आत. पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्यानं ती ४० टक्क्यांत जाते. नेक्सॉनचं पेट्रोल १,१९९ सीसीचं आणि डिझेल १,४९७ सीसीचं, म्हणून दोन्ही १८ टक्क्यांत. दोन गाड्या सारख्या दिसत असूनही किमतीत फरक का, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

चार मीटरच्या बाहेर गेलं की जागा मिळते, मुख्यतः मागच्या सीटवर आणि डिकीत. ती जागा तुम्हाला लागते का, हे पुढच्या पायरीवर कळेल.

इंजिन सुरू न करता एक तास

शोरूमला सगळ्या घराला घेऊन जा. आईवडील येत नाहीत म्हणतील, "आम्हाला काय कळतंय त्यातलं," म्हणतील. त्यांना तर आधी न्या. पुढच्या दोन सीट कुठल्याही गाडीत बऱ्याच असतात. घरची गाडी मागच्या सीटवर पास किंवा नापास होते.

आईला मागच्या दारातून बसायला आणि उतरायला सांगा. मदत करू नका, फक्त बघा. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर भार देऊन उठावं लागतं, फार वर असेल तर पाय उचलावा लागतो आणि साडी अडकते. कमरेपेक्षा जराशी खाली असलेल्या सीटवर माणूस नुसता सरकून बसतो, आणि क्रॉसओव्हरचं खरं सुख तेच आहे. एका गाडीत माझी आई बसताना बसली, पण उतरताना म्हणाली, "ह्याला स्टूल लागंल." ती गाडी आम्ही तिथंच सोडली. दार किती उघडतं, छताला धरायला मूठ आहे का, दाराच्या उंबऱ्याला पाय अडतो का, हे सगळं त्या दोन मिनिटांत कळतं.

मग पुढची सीट तुमच्या उंचीला लावा आणि तुम्हीच तुमच्या मागं जाऊन बसा. गुडघे टेकतात का याच्यापेक्षा मांडी सीटवर टेकते का ते महत्त्वाचं. मांडी अधांतरी राहिली तर पुण्यापर्यंतच्या ११० किलोमीटरमध्ये पाय भरून येतात. नंतर मागं तिघं मोठी माणसं बसवा. चार मीटरच्या आतल्या बहुतेक गाड्यांत मधल्या माणसाचे खांदे पुढं येतात आणि पायाखाली उंचवटा येतो. मधल्या जागेला डोक्याचा आधार आणि खांद्यावरून येणारा पट्टा आहे का ते बघा. कमी किमतीच्या व्हेरिएंटमध्ये मधला आधार गायब असतो, आणि मधे बसतं कोण? घरातलं सगळ्यांत गप्प माणूस.

मुलांना खिडकीशी बसवून एकच विचारा: बाहेर काय दिसतंय? हल्ली डिझाइन म्हणून मागच्या खिडकीची रेघ वर चढवतात आणि काच अरुंद करतात. लहान मुलाला दाराचं प्लॅस्टिक आणि वर आभाळाचा तुकडा दिसतो. बाहेरचा रस्ता दिसला नाही की घाटात मळमळ वाढते, आणि पसरणी घाटात मुलाला उलटी झाली की त्या गाडीचा वास दिवाळीपर्यंत जात नाही. मागच्या एसीचे झरोके याच कारणासाठी हवेत. एप्रिलच्या उन्हात, तेही काळ्या रंगाच्या आतल्या सजावटीत, पुढचा एसी मागं पोहोचेपर्यंत पोरं उकडून निघतात.

आता डिकी. ब्रोशरमध्ये लिटर लिहिलेले असतात: फ्राँक्स ३०८, ब्रेझा ३२८, नेक्सॉन ३८२, क्रेटा ४३३, एलिव्हेट ४५८. पण आपण लिटर भरत नाही, सामान भरतो. घरची सगळ्यांत मोठी बॅग बरोबर न्या. आजोबांचा वॉकर असेल तर तोही न्या, लाजू नका. डिकीचा उंबरा किती उंच आहे ते बघा, कारण गावाकडून येताना ज्वारीचं पोतं त्या उंबऱ्यावरून चढवायचं आहे. सीएनजी घेणार असाल तर सिलिंडर बसवलेल्याच गाडीची डिकी उघडून बघा. काही कंपन्या एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवतात, काही टाकी गाडीच्या पोटाखाली नेतात. पण जिथं एकच मोठा सिलिंडर आहे तिथं सामानाला एखादी पिशवी ठेवण्यापुरती जागा उरते.

डिकीचा तळ उचलून स्टेपनी बघा. मी एकदा हे विचारलं तर सेल्सचा मुलगा म्हणाला, "सर, हिला सनरूफ आहे." मी म्हटलं, "सनरूफ दिसतंय, स्टेपनी आहे का?" तो आत विचारायला गेला. काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीची बाटली मिळते, काहींत बारीक चाक मिळतं, आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. बामणोलीच्या रस्त्यावर टायरची कड फाटली तर बाटलीचा काही उपयोग नाही.

सनरूफचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. त्यानं छत आतून तीन-चार बोटं खाली येतं, उन्हाळ्यात डोकं तापतं, आणि पोरं त्यातून बाहेर उभी राहायला मागतात. अचानक ब्रेक लागला तर काय होईल याचा विचार करवत नाही. सनरूफचे पैसे वाचवून मागचा वायपर आणि मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर असलेलं व्हेरिएंट घ्या. जुलैत कासच्या धुक्यात हे दोन्ही नसले तर मागचं काही दिसत नाही.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवा

फोनवरच सांगा: पाच माणसं येणार, तासभर लागणार, यवतेश्वरपर्यंत जाणार. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला विचारा. आणि जे इंजिन, जो गिअरबॉक्स घ्यायचा आहे तोच मागा. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं इंजिन, चालवायला देतात आणि साधं इंजिन विकतात, हा प्रकार अनेकांच्या बाबतीत झालेला आहे.

सुरुवात राजवाड्याच्या गर्दीतून करा. क्लच किती जड आहे, गाडी हळू चालताना धक्के देते का, पुढच्या खांबाआड दुचाकीवाला लपतो का, हे तिथं कळेल. रिव्हर्स एकदा कॅमेऱ्यावर आणि एकदा कॅमेऱ्याशिवाय घ्या. क्रॉसओव्हरची मागची काच लहान असते, आणि पावसात कॅमेऱ्यावर चिखल बसतो.

मग घाट. पाचही जण गाडीत, एसी चालू. एखाद्या चढाच्या वळणाआधी सुरक्षित जागा बघून गाडी पूर्ण थांबवा आणि परत उचला. हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर दोन-तीन सेकंद गाडी मागं येत नाही. ते खरंच चालतं का बघा. सेकंडमध्ये वळण घेऊन बाहेर पडताना इंजिन ओढतंय की कुंथतंय? लहान टर्बो इंजिनं दीड हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली झोपलेली असतात आणि वर गेल्यावर एकदम उठतात. घाटातल्या अरुंद वळणावर हे उठणं नेमकं कधी येतं याची सवय करावी लागते. काहींना जमतं, माझ्या बायकोला एका गाडीत अजिबात जमलं नाही, आणि गाडी तीही चालवणार होती. म्हणून घरात जे जे गाडी चालवणार त्या सगळ्यांनी चालवून बघा.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाबद्दल एक गणित लक्षात ठेवा. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि दर १०० मीटरला अशा इंजिनाची ताकद सुमारे एक टक्का घटते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. ब्रोशरमधले ९० अश्वशक्ती तिथं ७८-७९ उरतात, वर पाच माणसं, सामान आणि एसी. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळं त्याला हा त्रास फारच कमी. वर्षातून दोनदा महाबळेश्वरला जाणाऱ्यानं यासाठी लाखभर जास्त घालवू नयेत. पण ज्याचं गाव मेढ्याच्या वर डोंगरात आहे आणि जो दर आठवड्याला केळघर घाट चढतो, त्यानं घालवावेत.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरून बघा. इंजिन गाडीला धरून ठेवतं का? मागं बसलेल्यांना विचारा, वळणात अंग किती कलतं. मऊ सस्पेन्शनच्या गाड्या खड्ड्यात छान वाटतात आणि घाटात माणसं हलवतात. कडक गाड्यांचं उलटं. यावर एकमत होत नाही, आमच्याही घरात झालं नाही. शेवटी ज्याला जास्त मळमळतं त्याचं ऐकलं.

परतताना गावातला एखादा रंग न मारलेला स्पीडब्रेकर वीस-पंचवीसच्या वेगानं ओलांडा आणि कान द्या. खालची मोकळी उंची ब्रोशरमध्ये रिकाम्या गाडीची असते. पाच माणसं बसली की दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात. पोटाला घासलं तर आत्ताच कळू दे.

जमलं तर एक फेरी अंधार पडल्यावर मागा. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडं उसाचा हंगाम. रात्री रहिमतपूर किंवा कराड बाजूला जाताना समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तो तुम्हाला किती लांबून दिसतो हे हेडलाइटवर अवलंबून आहे. पांढरे एलईडी शोरूममध्ये झगमगतात, पण ओल्या डांबरावर त्यांचा प्रकाश जणू शोषला जातो. आणि त्या ट्रॉलीला ओलांडताना ४० वरून ८० वर जायला गाडी किती वेळ घेते, तो वेळ मोबाइलवर मोजा. शून्य ते शंभरचा आकडा आपल्या काही कामाचा नाही.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर

सगळ्या ऑटोमॅटिक एकसारख्या नसतात, आणि घाटात त्यांचा फरक उघडा पडतो. एएमटी स्वस्त आणि अ‍ॅव्हरेजला चांगली. आत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच यंत्र दाबतं. चढावर गिअर बदलताना ती डोकं हलवून विचार करते, आणि हिल होल्ड नसेल तर मागं येते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, शहरात ती लोण्यासारखी, पण चढावर जोरात दाबली की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. ड्युअल क्लच सगळ्यांत चपळ, मात्र कोरड्या क्लचची असेल तर खंबाटकीत ट्रकांच्या मागं इंच इंच सरकताना तापते आणि कधी कधी पडद्यावर थांबा असं सांगते. टॉर्क कन्व्हर्टर जुन्या पद्धतीची, थोडं पेट्रोल जास्त पिते, पण चढावर रांगत राहायला तिच्याइतकी सोशीक दुसरी नाही. माझ्या पैशानं घ्यायची तर मी घाटासाठी हीच घेईन.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी

इथं भावना बाजूला ठेवून वहीत आकडे मांडा. समजा वर्षाला १०,००० किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर वर्षाचे सुमारे ७०,००० रुपये. डिझेल १८ देते आणि दर ९१ धरला, तर सुमारे ५०,५००. फरक साडेएकोणीस हजार. डिझेल गाडी लाख-सव्वालाखानं महाग, त्यावर महाराष्ट्रात रोड टॅक्सही दोन टक्क्यांनी जास्त. म्हणजे सहा-सात वर्षं पैसे वसूल होण्यातच जातात. तेच २०,००० किलोमीटर असतील तर तीन-साडेतीन वर्षांत वसूल. दर बदलले तर तुमचे आकडे घालून परत मांडा. आणि ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज धरू नका. ते प्रयोगशाळेतल्या चाचणीचं असतं, घाटाचं नव्हे.

डिझेलला आता धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगात चालावी लागते. ज्याची गाडी फक्त सदर बझार ते पोवई नाका फिरते, त्याच्या डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागणारच. त्यानं डिझेल घेऊ नये.

सीएनजीवर किलोमीटरचा खर्च सगळ्यांत कमी, पण ताकद दहा-पंधरा टक्के घटते. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलवर टाका. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, ती विसरू नका.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, हे समाधान आहे, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यानं अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात. जुनी घेताना एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर पुस्तिकेत किती टक्क्यांची परवानगी लिहिली आहे ते बघा.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: स्वतःचं पार्किंग आणि तिथं प्लग असेल तरच विचार करा. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते आणि उतरताना थोडी परत भरते, मात्र चढताना गेली तेवढी नाही.

सुरक्षा

ऑक्टोबर २०२३ पासून भारतात भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आपटवून तिला तारे देण्याच्या, चाचण्या सुरू झाल्या. मोठ्यांसाठीचे आणि मुलांसाठीचे तारे वेगवेगळे दिलेले असतात. मुलं असतील तर दुसरा आकडाही वाचा. सहा एअरबॅग लिहिलं म्हणजे बॉडी मजबूत असं होत नाही, त्यासाठी तारेच बघावे लागतात. घसरणारी गाडी सावरणारी ईएससी सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहे की फक्त वरच्या, हे विचारा. लहान मूल असेल तर बालसीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या हाताला लागतात का ते सीटच्या फटीत बोटं घालून बघा. माझ्या मते या यादीतल्या एकाही गोष्टीची स्क्रीनच्या आकाराशी अदलाबदल करू नये.

सर्व्हिस कुठं

कंपनीचं वर्कशॉप साताऱ्यात आहे का, की पुण्याला किंवा १२० किलोमीटर लांब कोल्हापूरला जावं लागणार? सर्व्हिसला वर्षातून एकदा जाता येईल. पण बंपर फुटला, काच तडकली तर सुटा भाग यायला किती दिवस लागतात हे शोरूममध्ये विचारू नका, वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या गाडीमालकाला विचारा. तिथंच पुढची काच, हेडलाइट आणि क्लच प्लेट यांचे दर लिहून घ्या. तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीलाही विचारा, कारण वॉरंटी संपली की गाडी त्याच्याकडंच जाणार.

कोटेशनचा कागद

ऑन रोड किंमत एका आकड्यात घेऊ नका, ओळीओळीनं मागा. रोड टॅक्स वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला १३, १४ आणि १५. गाडी दहा लाखांच्या पुढं गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतला जाणारा आयकर, लागतो. तो बुडत नाही, आयकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो, पण पावती जपून ठेवा. म्हणून ९ लाख ९० हजारांच्या व्हेरिएंटवरून १० लाख २० हजारांच्या व्हेरिएंटवर जाताना फरक ३० हजारांचा नसतो. रोड टॅक्समध्येच आणखी साडेतेरा हजार जातात, आणि टीसीएस वेगळा.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. तीच कव्हर लावून बाहेरून दर काढा आणि कागद पुढं ठेवा; बरेचदा तिथल्या तिथं आकडा खाली येतो. इंजिनात पाणी गेल्याचं कव्हर आपल्या पावसात घ्यावं. हँडलिंग, लॉजिस्टिक असल्या नावाची ओळ दिसली तर ती कशाची, एवढंच विचारून गप्प बसा. त्या शांततेत मला एकदा साडेआठ हजार सुटले आहेत. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तरच लवकर डिलिव्हरी, असं म्हणणाऱ्याला पाडव्याची घाई नाही म्हणून सांगा.

जुनी घेत असाल तर

एमएच-११, एमएच-१०, एमएच-०९ (सातारा, सांगली, कोल्हापूर) पासिंगच्या गाड्या आपल्या बाजारात सर्रास फिरतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडं कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुऊनपुसून त्या चकाचक दिसतात. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. सीटखालच्या लोखंडी रुळांवर गंज, हेडलाइटच्या आत वाफ, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, आणि काचा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवल्यावर येणारा कुबट वास, यांतलं काहीही दिसलं तर निघा. कर्जाचा बोजा आरसीवर आहे का आणि सर्व्हिसचा इतिहास कंपनीत जुळतो का, हे टोकन देण्याआधी.

पासिंगच्या आधी

नव्या गाडीची तपासणी पासिंगच्या आधी करा, कारण एकदा तुमच्या नावानं नंबर पडला की गाडी नाकारणं फार अवघड. गोदामात दिवसाउजेडी जा. चॅसी नंबर कागदाशी जुळवा. फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रावर, बनावटीचा महिना आणि वर्ष असतं. जानेवारीत गेल्या वर्षीची गाडी घेत असाल तर त्याची सूट मिळायला हवी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष: ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा. रंग उन्हात तिरपा बघा, दारांच्या फटी बोटानं चाचपा, सगळ्या काचा खाली-वर करा, मीटर किती फिरलंय ते लिहून घ्या.

डिलिव्हरीच्या दिवशी घरचे सगळे नटून आलेले असतात, हार असतो, कंदी पेढे असतात, फोटोवाला घाई करत असतो. चाकाखाली लिंबू ठेवण्याआधी डिकी उघडा आणि जॅक, पाना, दुसरी चावी, स्टेपनीची हवा बघून घ्या. माझ्या वेळी जॅक नव्हता. तो दोन तासांनी दुसऱ्या गाडीतून काढून आणून दिला, तोपर्यंत आम्ही पेढे संपवले.